कोरिडोरस : छोट्या मार्जारमीनाचे घरगुती संगोपन आणि प्रजनन

शोभिवंत माशांच्या दुकानातून नवी टाकी घेऊन निघणाऱ्या ग्राहकाच्या हाती शेवटी आणखी एक पिशवी ठेवली जाते. ‘तळ साफ ठेवायला हे दोन असू द्या,’ असे दुकानदार सांगतो. त्या पिशवीत बहुधा दोहोंपैकी एक मासा असतो. एक म्हणजे तळाशी मिशांनी वाळू चाचपत फिरणारा, दीड-दोन इंचांचा कोरिडोरस. दुसरा म्हणजे तोंडाने काचेला चिकटून राहणारा ‘सकर’. दोघेही मार्जारमीन, आणि दोघांच्याही माथी ‘सफाई कामगार’ हा एकच शिक्का. या शिक्क्याने दोन वेगवेगळे अपाय होतात. कोरिडोरस टाकीतील उरलेसुरले खाऊन जगेल या समजुतीने उपाशी राहतो आणि मरतो. सकर जगतो, पण टाकीत मावेनासा झाला की जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडला जातो. परसातील शोभिवंत मत्स्यपालनाकडे वळणाऱ्या शेतकऱ्यांनी व महिला बचत गटांनी हे दोन मासे निराळे ओळखणे म्हणूनच आवश्यक आहे. गप्पी, मोली यांसारख्या पिल्ले देणाऱ्या माशांवर हात बसल्यानंतर अंडी घालणाऱ्या माशांकडे वळताना कोरिडोरस ही योग्य पुढची पायरी ठरते. तो शांत व लहान असतो आणि त्याच्या प्रजननासाठी संप्रेरकाचे इंजेक्शन द्यावे लागत नाही. त्याला पाऊस आल्याची खात्री मात्र पटवून द्यावी लागते.

ओळख व जातींची निवड

कोरिडोरस दक्षिण अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या ओढ्यांत व नद्यांत राहतो. हे नाव फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी १८०३ मध्ये दिले. शिरस्त्राण आणि त्वचा या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ते आले आहे, आणि ते अगदी चपखल आहे. या माशाला नेहमीचे खवले नसतात. त्याऐवजी अंगाच्या प्रत्येक बाजूस हाडांच्या पट्ट्यांच्या दोन ओळी चिलखताप्रमाणे बसलेल्या असतात. पाठीवरच्या व छातीच्या परांना टोकदार काटा असतो आणि धोका जाणवताच तो ताठ होऊन अडकून बसतो. त्यामुळे कोरिडोरस जाळीने पकडू नये. काटा जाळीत गुंततो आणि सोडवताना पर फाटतो. वाटीने किंवा प्लास्टिकच्या पेल्याने पाण्यासकट उचलणे हीच योग्य पद्धत.

बाजारात सर्वाधिक आढळतो तो ब्राँझ कोरिडोरस आणि त्याचाच पांढरा, लाल डोळ्यांचा अल्बिनो प्रकार. ब्राँझ जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८५८ मध्ये त्रिनिदाद बेटावरील नमुन्यांवरून झाले. ठिपकेदार पेपर्ड कोरिडोरस हा तर ‘बीगल’ जहाजावरील सफरीत चार्ल्स डार्विन यांनी गोळा केलेल्या माशांपैकी एक; त्याचे वर्णन जेनिन्स यांनी १८४२ मध्ये केले. २०२४ मध्ये या गटाची फेरमांडणी होऊन ब्राँझ कोरिडोरस ‘ऑस्टिओगॅस्टर’ या प्रजातीत गेला आहे. बाजार मात्र अजून जुनेच नाव चालवतो, आणि पालकाचे त्यावाचून काही अडत नाही.

निवड हवामान पाहून करावी. पेपर्ड व पांडा या जातींना थंड पाणी मानवते. पेपर्ड जातीस १८ ते २३ अंश सेल्सिअस योग्य. डोंगराळ भागात किंवा बंगळूरुसारख्या सौम्य हवामानात त्या टिकतात, विदर्भ वा तेलंगणातील उन्हाळ्यात नाही. ब्राँझ जात २२ ते २७ अंशांत उत्तम राहते, तर स्टर्बाय ही जात त्याहूनही उबदार पाणी सोसते. पहिल्या वर्षी ब्राँझच घ्यावी. गुलाबी, निळ्या, हिरव्या रंगाचे अल्बिनो कोरिडोरस कोठे दिसल्यास ते घेऊ नयेत. तो रंग जन्मजात नसून कृत्रिम रीतीने चढवलेला असतो. त्यात माशाला इजा होते आणि पिल्लांत तो रंग उतरत नाही.

टाकी, वाळू आणि पाणी

कोरिडोरस थव्याने राहतो. एकटा किंवा जोडीने ठेवलेला मासा कोपऱ्यात दबून बसतो व नीट खात नाही. किमान सहा मासे एकत्र ठेवावेत. त्यांच्यासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकी पुरते. १० इंच पाणी भरल्यास त्यात सुमारे ४५ लिटर पाणी मावते. टाकी काठोकाठ भरू नये आणि झाकणाखाली दोन इंच हवा मोकळी ठेवावी. कारण हा मासा अधूनमधून झपकन वर येऊन हवेचा घोट गिळतो आणि आतड्याच्या पातळ अस्तरातून त्यातील प्राणवायू शोषून घेतो. असे क्वचित घडणे स्वाभाविक आहे. दर मिनिटाला सगळे मासे वर धावू लागले तर मात्र पाण्यातील प्राणवायू कमी झाला आहे किंवा अमोनिया वाढला आहे असे समजून लगेच पाणी बदलावे.

तळाला काय घालावे या प्रश्नावर सर्वाधिक नुकसान होते. कोरिडोरस वाळूत तोंड खुपसतो, ती कल्ल्यांतून गाळून बाहेर टाकतो आणि अन्नकण वेचतो. मिशा हे त्याचे चवीचे व स्पर्शाचे अवयव आहेत. धारदार खडी किंवा दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू यांनी मिशा झिजतात, त्यात तळाच्या घाणीतील जीवाणूंचा संसर्ग होतो आणि मिशांची केवळ खुंटे उरतात. असा मासा अन्न शोधू शकत नाही. नदीची बारीक, गोलसर कणांची वाळू पाणी निवळ येईपर्यंत धुऊन तिचा एक-दीड इंचाचा थर द्यावा. वाळूवर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आल्यास तीत शिंपल्याचे किंवा चुनखडीचे कण आहेत आणि तिने पाणी जड होत जाईल. गाळणीसाठी एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरेसा असतो, आणि पुढे पिल्लांनाही तोच सुरक्षित. नवी टाकी भरल्यावर अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मासे सोडण्याची घाई करू नये.

पाण्याचा सामू ६.५ ते ७.५ असावा. दख्खनच्या पठारावरील बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. प्रौढ ब्राँझ कोरिडोरस त्यात जगतो, परंतु अंडी घालण्यास कचरतो आणि घातलेली अंडीही कमी उबतात. नळाच्या पाण्यातील क्लोरिन उडून जाण्यासाठी ते उघड्या भांड्यात हवा सोडून एक दिवस ठेवावे.

आहार : अळ्या, कृमी आणि सावधगिरी

वरच्या थरातील मासे तरंगते खाद्य फस्त करतात आणि तळाच्या माशापर्यंत काही पोहोचतच नाही. म्हणून कोरिडोरसला बुडणाऱ्या गोळ्या, त्याही संध्याकाळी दिवे मालवल्यावर, स्वतंत्रपणे द्याव्यात. दहा-पंधरा मिनिटांत संपेल इतकेच खाद्य टाकावे. तो शेवाळ खात नाही व विष्ठाही खात नाही. तळ साफ करणे हे पालकाचे काम आहे, माशाचे नव्हे.

प्रजननासाठी तयार करताना जिवंत खाद्याला पर्याय नाही. बाजारात ‘ब्लडवर्म’ म्हणून मिळतो तो नावाने कृमी असला तरी वास्तविक कीटक आहे. न चावणाऱ्या, डासासारख्या दिसणाऱ्या कायरोनोमस चिलटांची ती अळी होय. प्राणवायू कमी असलेल्या चिखलात जगण्यासाठी तिच्या अंगात हिमोग्लोबिन असते. तिचा लाल रंग त्याचाच. ट्युबिफेक्स मात्र खरा कृमी असून तो सांडपाण्याच्या गाळातून गोळा केला जातो आणि रोग घेऊन येतो. तो टाळलेलाच बरा. द्यायचाच असल्यास वाहत्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवून, मेलेले कृमी काढून मगच द्यावा.

गांडूळखत करणाऱ्या शेतकऱ्याकडे उत्तम खाद्य घरचेच असते. गांडुळे काही तास स्वच्छ पाण्यात ठेवून त्यांच्या पोटातील माती निघून गेली की बारीक चिरून द्यावीत. युड्रिलस जातीची गांडुळे मासे आवडीने खातात. आयसेनिया फेटिडा दुखावली की पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडते आणि मासे ती बहुधा थुंकून टाकतात.

डासांच्या अळ्या हेही पौष्टिक खाद्य आहे, आणि पिंपात पाणी साठवून त्या वाढवण्याचा मोह होतो. हा मोह आवरावा. उन्हाळ्या-पावसाळ्यात एडिस डास अंड्यापासून सुमारे आठ-दहा दिवसांत पूर्ण वाढतो. माशांसाठी ठेवलेले एक विसरलेले भांडे वस्तीत डेंग्यू पसरवण्यास पुरते. त्याऐवजी झाकलेल्या टाकीत डॅफ्निया वाढवावा. तळ्यातून आणलेले खाद्य किंवा पाणवनस्पती पांढऱ्या बशीत तपासूनच टाकीत घालाव्यात. त्यांतून चतुराची अळी आली तर घडी घातलेला खालचा ओठ क्षणात पुढे फेकून ती एकामागून एक पिल्ले पकडते, आणि पालक आठवडाभर पिल्ले कमी का होत आहेत याचा विचार करत राहतो.

शेतकरी कुटुंबांत टाकी रिकामी होण्याचे आणखी एक कारण असते, आणि त्याचा संबंध माशाच्या रोगाशी जोडला जातो. सायपरमेथ्रीन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रीन यांसारखी पायरेथ्रॉइड कीटकनाशके माशांसाठी अत्यंत विषारी आहेत. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम एवढे प्रमाणही घातक ठरते. कल्ल्यांतून ती सहज शोषली जातात आणि माशाचे शरीर त्यांचे विघटन फार सावकाश करते. फवारणीसाठी वापरलेली बादली कितीही धुतली तरी टाकीच्या पाण्यासाठी वापरू नये. फवारणीनंतर हात साबणाने धुतल्याशिवाय टाकीत घालू नयेत. घरातील डासांसाठीच्या कॉइल, लिक्विड आणि फवारे यांतही याच गटातील द्रव्ये असतात. एअर पंप खोलीतील हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. म्हणून टाकी असलेल्या खोलीत ही साधने वापरूच नयेत, जाळी लावावी. किंवा निदान पंप दुसऱ्या खोलीत ठेवून नळी आणावी.

पावसाची चाहूल

ब्राँझ कोरिडोरस साधारण वर्षभरात प्रजननक्षम होतो. नर-मादी वरून पाहिल्यास ओळखू येतात. मादी मोठी व पोटाशी रुंद, नर लहान व निमुळता. एका मादीमागे दोन नर या प्रमाणात गट ठेवावा.

मूळ प्रदेशात या माशांची वीण पावसाळ्याशी बांधलेली आहे. कोरड्या दिवसांत ओढ्यातील पाणी आटते, तापते आणि क्षारयुक्त होते. मग पाऊस येतो. पाणी एकदम थंड व मऊ होते, पातळी चढते आणि पुराबरोबर खाद्यही मुबलक येते. पिल्लांना वाढण्यास हाच काळ अनुकूल, हे माशाच्या शरीरक्रियेत ठसलेले असते. टाकीत हा क्रम त्याच अनुक्रमाने उभा करावा लागतो. नुसते थंड पाणी ओतून उपयोग होत नाही. त्याआधीचा कोरडा काळ तितकाच महत्त्वाचा. अनेक पालकांचे अपयश येथेच असते.

प्रथम दोन आठवडे गांडूळ, ब्लडवर्म असे सकस खाद्य दिवसातून दोनदा द्यावे. माद्यांची पोटे भरू लागली की पुढील आठ-दहा दिवस पाणी बदलू नये. बाष्पीभवनाने पातळी थोडी उतरू द्यावी, खाद्य कमी करावे. अमोनिया मात्र तपासत राहावे. तो आढळल्यास हा टप्पा तेथेच सोडून पाणी बदलावे. त्यानंतर एका संध्याकाळी निम्मे पाणी काढून तेवढेच थंड व मऊ पाणी बारीक धारेने सोडावे. टाकीतील पाणी २७ अंश आणि नवे २१ अंश असेल तर निम्म्या बदलाने तापमान २४ वर येते. तीन अंशांचा हा उतार पुरेसा असतो. कोरड्या हवेच्या भागात रात्रभर माठात ठेवलेले पाणी विजेशिवाय एवढे थंड होते. माठ नवा असल्यास तो आधी अनेकदा भरून रिकामा करावा. दमट किनारपट्टीवर माठाचा उपयोग होत नाही. तेथे बर्फाची बंद बाटली पाण्यात तरंगत ठेवावी.

मऊ पाण्यासाठी छपरावरचे पावसाचे पाणी सर्वोत्तम. पहिल्या काही सरी छप्पर धुऊन नेतात. त्या वाहून जाऊ द्याव्यात आणि नंतरचे पाणी फडक्याने गाळून झाकून साठवावे. निव्वळ पावसाचे पाणी वापरू नये. त्यात सामू स्थिर ठेवणारे क्षार जवळजवळ नसतात आणि सामू एकदम कोसळू शकतो. बोअरच्या पाण्याचे टीडीएस ६०० आणि पावसाच्या पाण्याचे २० असेल, तर एकास तीन या प्रमाणात मिसळल्यावर ते १६५ होते. प्रजननासाठी हे चांगले पाणी आहे. टीडीएस मीटर नसल्यास एकास एक मिश्रणापासून सुरुवात करावी.

पहिल्या प्रयत्नात अंडी मिळतीलच असे नाही. दोन-तीन दिवस रोज एक चतुर्थांश पाणी तसेच बदलत राहावे. हवेचा दाब उतरलेला, आभाळ भरून आलेले असे दिवस या कामासाठी निवडावेत. मृग नक्षत्रातील सरींबरोबर पालकाने काहीही न करता टाकीत अंडी दिसली, असेही घडते.

नर मादीच्या मागे धावू लागले, तिच्या डोक्यावर व पाठीवर मिशा घासू लागले की वीण जवळ आली. मीलनात नर मादीसमोर आडवा होतो व छातीच्या पराने तिच्या मिशा दाबून धरतो. दोघांची आकृती इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी दिसते. मादीचे तोंड या वेळी नराच्या जननद्वाराशी असते. ती शुक्ररस गिळते. तो तिच्या आतड्यातून काही सेकंदांत पार होऊन शेपटीकडच्या बाजूने बाहेर येतो आणि पोटाच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांवर पडतो. जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये ब्राँझ कोरिडोरसमध्ये ही रीत रंगद्रव्याच्या साहाय्याने दाखवून दिली. वाहत्या पाण्यात शुक्ररस वाया न जाण्याची ही युक्ती आतड्याने श्वास घेणाऱ्या माशालाच साधली आहे. त्यानंतर मादी काचेवर किंवा पानावर जागा तोंडाने साफ करून चिकट अंडी एकेक, दोन-दोन लावते. हे अनेक तास चालते आणि मोठ्या मादीची एकूण अंडी शंभर ते तीनशेपर्यंत भरतात.

अंडी आणि पिल्ले

वीण संपताच आई-बाप स्वतःचीच अंडी वेचून खाऊ लागतात. काही तासांत अंड्यांचे कवच कडक होते. तेव्हा ओल्या बोटाने हलके लोळवत ती सुटी करावीत व उथळ डब्यात घ्यावीत. डब्यात टाकीतलेच पाणी असावे आणि हवेचे बुडबुडे सतत चालू राहावेत. दुसऱ्या दिवशी फलित अंडी फिकट तपकिरी होतात. पांढरी पडलेली अंडी अफलित असतात आणि त्यांच्यावर चढलेली बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते, म्हणून ती ड्रॉपरने रोज काढावीत. पाणी फिकट निळे दिसेल इतकेच मिथिलीन ब्लू टाकावे. ते न मिळाल्यास देशी बदामाचे झाडावरून गळलेले, पूर्ण वाळलेले पान धुऊन ठेवावे. त्यातील टॅनिन बुरशीला काही प्रमाणात आळा घालते.

२४ ते २६ अंशांत तीन ते पाच दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. पुढचे दोन-तीन दिवस ती पोटाखालच्या पीतकावर जगतात आणि या काळात खाद्य दिल्यास ते केवळ कुजते. त्यानंतर मायक्रोवर्म आणि ताजा उबवलेला आर्टेमिया सुरू करावा. आर्टेमियाची अंडी लिटरमागे २५ ते ३० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात, २८ अंशांच्या आसपास, जोराची हवा व उजेड देऊन ठेवली की साधारण २४ तासांत उबतात. पिल्लांना देण्यापूर्वी ती बारीक फडक्यात गोड्या पाण्याने धुवावीत.

पिल्ले उपासमारीपेक्षा घाणीने अधिक मरतात. तळाशीच राहणाऱ्या या माशाला तळावरच्या कुजक्या थराची पहिली झळ बसते. पिल्लांच्या डब्यात वाळूचा थर देऊ नये. एअर पंपाची पातळ नळी सायफनसारखी वापरून रोज तळ ओढून घ्यावा आणि चौथा हिस्सा पाणी त्याच तापमानाच्या, मुरलेल्या पाण्याने बदलावे. काढलेले पाणी फेकण्यापूर्वी पांढऱ्या बादलीत पाहावे. त्यात नेहमीच दोन-चार पिल्ले निघतात. तारीख, तापमान, टीडीएस, अंड्यांची व उबलेल्या पिल्लांची संख्या वहीत नोंदवावी. विस्तार कार्यकर्त्यांनी गटभेटीत टाकीआधी ही वही पाहावी. चूक पाण्यात झाली की खाद्यात, ते तीवरून कळते.

विक्री, आणि सकर

दोन ते तीन महिन्यांत पिल्ले इंचाची झाली की विकता येतात. चेन्नईजवळील कोळत्तूर आणि पश्चिम बंगालमधील हावडा परिसर येथे शोभिवंत माशांचे प्रजनन घरोघरी चालते. मुंबई, पुण्याच्या दुकानांतील बराच माल अशा दूरच्या केंद्रांतून येतो. जवळच्या पालकाचा मासा कमी प्रवास करतो व कमी मरतो; त्यास दुकानदार तयार असतो तो यामुळेच. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धन एककाची तरतूद असून प्रकल्पखर्चावर सर्वसाधारण लाभार्थ्यांस ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांस ६० टक्के साहाय्य ठरवलेले आहे. अर्जाची सद्यःस्थिती जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्यावी. तांत्रिक प्रशिक्षणासाठी भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्था महत्त्वाची.

दुकानाकडून बदल्यात ‘सफाईसाठी’ सकर देऊ केला जातो, तो घेऊ नये. दोन इंचांचा दिसणारा हा टेरिगोप्लिक्थिस वाढून फुटापेक्षा मोठा होतो. तोही चिलखती, हवा गिळणारा आणि घाण पाण्यात तगून राहणारा असल्याने नदी-तळ्यात सुटल्यावर त्याला रोखणारे फारसे काही उरत नाही. विणीसाठी तो बांधात बिळे खणतो, त्यामुळे काठ ढासळतात. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, आणि रोहू-कटल्याच्या तळ्यात तो खाद्यात वाटेकरी होतो. बाजारात मात्र त्याला गिऱ्हाईक नाही. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागापासून वाराणसीच्या गंगेपर्यंत आणि दक्षिणेत आंध्र प्रदेश, तमिळनाडू, केरळपर्यंत तो आढळला आहे. जाळ्यात आलेला सकर पुन्हा पाण्यात सोडू नये. टाकीतील नकोसा झालेला मासा, मग तो सकर असो वा कोरिडोरस, दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या पालकास द्यावा. टाकीचे पाणीही ओढ्यात वा विहिरीत न ओतता झाडांना घालावे.

कोरिडोरस पाठवताना एक दिवस आधी खाद्य बंद करावे. पकडताना घाबरलेला हा मासा छातीच्या परांच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींतून स्राव सोडतो आणि बंद पिशवीच्या थोड्या पाण्यात त्याच स्रावाने सगळे मासे दगावल्याची उदाहरणे आहेत. पकडलेले मासे आधी बादलीत अर्धा तास ठेवावेत, ते पाणी टाकून द्यावे आणि नंतरच ताज्या पाण्यात, दुहेरी पिशवीत, एक भाग पाणी व दोन भाग प्राणवायू भरून बांधावेत. दुहेरी पिशवी यासाठी की आतली पिशवी काट्याने फुटली तरी बाहेरची टिकते.